धोंडूआक्कांचं औषध

धोंडूआक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. १९२३ साली मी लग्न होऊन सदलग्याला आले, तेव्हा त्या पंचविशीत होत्या. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, भाद्रपदातल्या पर्वाच्या दहा दिवसांत पूजेची पदं त्या सांगायच्या आणि बाकीच्या बायका मागून म्हणायच्या. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ. एक अक्षर गिळायच्या नाहीत. घरी आल्या की तेच पद गुणगुणत भाकऱ्या थापायच्या. दहा माणसांच्या भाकऱ्या उरकून मला म्हणायच्या, "ब्राह्मी, तुझं पीठ अजून मळतंयच व्हय गं?"

दहा-अकरा वर्षांनी त्यांचे हात आखडायला लागले. सकाळी मूठ मिटत नसे. गुडघे धरून, भिंतीला टेकत उठायच्या. घरात सगळ्यांनी संधिवात म्हटलं. निर्गुडीचा पाला झाला, एरंडेल झालं, वाळूचा शेक झाला. पण आक्का नुसत्या सांध्यांनी आजारी नव्हत्या. भर वैशाखात घोंगडं पांघरून बसायच्या. तोंड सुजल्यासारखं झालं, भुवया कडेनं झडल्या, अर्धी भाकरी खाऊनही अंग जड होत गेलं. काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा की विचारणारा निघून जायचा. आवाज घोगरा झाला, पुरुषासारखा. एका पर्वात त्यांनी पद सुरू केलं आणि दोन पोरी हसल्या. त्यानंतर आक्का सगळ्यांत मागं, खांबाआड बसायला लागल्या.

मी तेव्हा काय करत होते, तेही सांगायला हवं. मी चिडत होते. त्यांचं सगळं काम माझ्या अंगावर आलं होतं. एकदा त्यांच्या हातून दुधाचं भांडं निसटलं तेव्हा मी त्यांना ऐकू जाईल असं बोलले, "दिवसभर झोपल्यावर हात आखडणारच की."

आक्का वाकून फडक्यानं दूध टिपायला लागल्या. मग म्हणाल्या, "व्हय गं. मला बी तसंच वाटतंय. मी आळशी झाले."

त्यांचे मालक बाळगोंडा, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, त्यांना मात्र ते पटत नव्हतं. १९३६ च्या सुगीनंतर त्यांनी गाडी जुंपली, चिकोडी रोड स्टेशन गाठलं आणि रेल्वेनं आक्कांना बेळगावच्या एका मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी सांधे नंतर बघितले. आधी विचारलं, थंडी वाजते का, आवाज पहिल्यापासून असाच आहे का. मग गळा चाचपला. सांगितलं की गळ्यात एक गाठ असते, तिच्या रसावर सगळं शरीर चालतं. ती यांची मंदावली आहे. विलायती गोळ्या रोज घ्यायच्या, जन्मभर.

आक्का पडवीत बसल्या होत्या. गोळ्या कशाच्या, ते डॉक्टरांनी फक्त अण्णांना सांगितलं. अण्णांनी ते पोटात ठेवलं.

तीन महिन्यांत घरातलं माणूस परत आलं. आधी घोंगडं सुटलं. मग सूज उतरली. एका सकाळी मी चुलीपुढं बसले होते, तर आक्का आल्या, मला बाजूला सारलं आणि परातीत पीठ ओढलं. पहिली भाकरी फाटली. दुसरी गोल आली. "बघ की गं," म्हणून त्या हसल्या आणि मी रडायला लागले. दुधाच्या दिवशीचं बोलणं काढून मी त्यांचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "ऊठ गं. मला तरी कुठं कळलं हुतं?" त्या भाद्रपदात त्या पुन्हा पुढं बसल्या. दहाही दिवस त्यांनी पदं सांगितली.

पुढच्या खेपेला अण्णांचा पाय मुरगळला होता, म्हणून माझे मालक पद्मराज आम्हा दोघींना घेऊन बेळगावला गेले. कंपाउंडर मारुतीराव म्हणून बोलका, भला माणूस होता. बाटली भरता भरता त्यानं आक्कांचा चेहरा बघून कौतुक केलं. "मेंढीच्या गळ्यातली गाठ वाळवून करतात बघा हे. पण गुण कसा देवासारखा!"

आक्कांनी बाटली घेतली. त्याला हात जोडले. 

घरी आल्यावर त्या अण्णांसमोर उभ्या राहिल्या. "तुमास्नी ठावं हुतं?"

अण्णा म्हणाले, "व्हय."

"वरीसभर?"

"तू मरत हुतीस, धोंडू. मी काय करायचं हुतं?"

बस्तीतल्या उपाध्यांना बोलावलं. तेही म्हणाले, जीव वाचवायला घेतलं, प्रायश्चित्त घ्या आणि औषध चालू ठेवा. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पर्वात मी दहा दिस पदं म्हटली. ती कुणाच्या गळ्यातनं म्हटली? त्या मेंढीला बी गळा हुता की. ती बी वरडली असंल." आणि त्यांनी बाटली अण्णांच्या हातात परत दिली.

सगळं पुन्हा आलं. आधी मुठी, मग गुडघे, मग थंडी. आता निदान आम्हाला कारण माहीत होतं, आणि त्यानं आणखीच जीव जळायचा.

अण्णा माझ्याशी कधी थेट बोलत नसत. थोरल्या दिरांची तशी रीतच होती. पण एक दिवस ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "ब्राह्मी, तिच्या ताक-कण्यांत एक गोळी कुटून घाल. पाप माझं." मी घातली. महिनाभर रोज घातली. आक्कांच्या तोंडावरची सूज उतरायला लागली, तसं मला बरं वाटायचं.

एका सकाळी त्यांनी हात वर धरला, मूठ मिटली, उघडली. पुन्हा मिटली. मग माझ्याकडं बघितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ब्राह्मी, तू बी?"

त्या दिवसापासून माझ्या हातचं त्यांनी काही खाल्लं नाही. आखडलेल्या बोटांनी स्वतःच कण्या शिजवायच्या. भांडं धरता येत नसे, दोन्ही मनगटांत दाबून उचलायच्या. मी चार हातांवर उभी राहून बघायची. मदतीला गेले तर म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे." दीड वर्ष असं चाललं.

१९४० च्या माघात त्या अंथरुणावरून उठेनात. दिवसाचा बहुतेक वेळ झोपेतच जायचा. अंग थंडगार असायचं. एका दुपारी मी वाटी घेऊन उशाशी बसले. त्यांनी डोळे उघडले. जड जिभेनं, एकेक शब्द लावत विचारलं, "त्यात... काय न्हाय... न्हवं?"

"न्हाय, आक्का. तुमची शपथ."

ते खरं होतं. त्या माझ्याकडं किती तरी वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी तोंड उघडलं. माझ्यावर विश्वास बसला होता, की नाही म्हणायचं त्राण उरलं नव्हतं, ते मला कळलं नाही. दोन घास घेतले. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

अण्णा पुढं आठ वर्षं जगले. गोळ्या कशाच्या ते लपवलं हे चुकलं, की आक्कांनी त्या टाकल्या तेव्हा हट्ट धरला नाही ते चुकलं, एवढंच ते येईल त्याला विचारायचे. मला त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?