खवल्यांची चौदा पाकिटं

माशाची परवानगी काढल्याशिवाय मासा न खाणारी बाई साऱ्या जर्मनीत एकच असेल, आणि ती कायझर्सलाउटर्नमध्ये आमच्या भाड्याच्या घरात माझ्या शेजारच्या खोलीत राहते. मूळची पुण्याची, इथे पीएचडी करते. विषय सॅमन मासा. कॅनडात एका नदीकाठचे मूळ रहिवासी तो वाचवायला धडपडतात आणि ही दरवर्षी तिकडे जाऊन त्यांच्याबरोबर गुडघाभर पाण्यात मासे मोजते. मी इथे एका हॉटेलात स्वयंपाक्याच्या हाताखाली. वयाने मोठा, म्हणून तिचा दादा.

तिथल्या जाणत्यांना विचारल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही, हा तिच्या कामाचा नियम. तो तिने घरातही लावलाय. "दादा, तुमचं लोणचं घेऊ?" "अगं, बोट बुडालंय की तुझं बरणीत!" "म्हणूनच विचारते ना!" माझी शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे सरकारी पत्र आलं की तिचं दार ठोठावतो. ती वाचून दाखवते, पण आधी "उघडू?" म्हणते, आणि शेवटी "समजलं का?" असं न म्हणता "मी नीट सांगितलं का?" विचारते. असं मला कुठल्या मास्तरांनी कधी विचारलं नव्हतं.

आणि अशा बाईचं मी काय केलं? वसंतात घर आवरताना फळीवर चौदा कागदी पाकिटं दिसली, आत वाळलेले खवले. मी कोळ्याचा मुलगा. खवले म्हणजे फेकायची वस्तू. शिवाय कचरा चुकीच्या डब्यात गेला तर आपल्याला देशाबाहेर काढतील, ही माझी जुनी धास्ती. म्हणून खवले बिओम्युलच्या, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यात, पाकिटं कागदाच्या, असं शिस्तीत वेगळं केलं. खवल्यावरून माशाचं वय कळतं आणि कोणता खवला कुठल्या माशाचा हे त्या पाकिटावरच लिहिलेलं असतं, हे मला कुठून ठाऊक! नदीकाठच्यांनी ते विश्वासाने दिले होते. काम झालं की परत नदीत सोडायचे होते.

कळताच ती डब्यात कंबरेपर्यंत वाकली. हाती लागले बटाट्याच्या सालींना चिकटलेले चार खवले.

"गप्प बसू," मी म्हणालो. "कॅनडाहून कोण येतंय बघायला?"

"कुणी येणार नाही, म्हणूनच सांगायचं, दादा. भले त्यांनी परवानगी काढून घेतली आणि पीएचडी संपली माझी, तरी."

संध्याकाळी सहाला तिने व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सकाळ. पडद्यावर त्या नदीची राखण करणाऱ्या आजी. तिने सगळं सांगितलं, फक्त माझं नाव गाळून. मला राहवेना. इस्त्रीचा शर्ट घालून दाराआड उभा होतो, तो पुढे झालो आणि छातीवर बोट ठेवून म्हणालो, "मी. मी टाकले."

आजींनी काहीतरी विचारलं. तिने ते मला मराठीत सांगितलं, "त्या म्हणतायत, कागद का वेगळा केला?"

मी हातवारे करून जर्मन कचऱ्याचे चारही डबे समजावले. आजी इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग एकदम गंभीर झाल्या. परवानगी राहील. शरदात मासे नदीत चढले, तर नवे खवले मिळतील. पण या खेपेला पाकिटांवर क्रमांक घालायचे ते टाकणाऱ्याने.

घातले. इतकं जपून मी परीक्षेतही लिहिलं नव्हतं. ती पाकिटं घेऊन ती कॅनडाला गेली, त्याला तीन आठवडे झाले. परवा फोनवर म्हणाली, "पाणी कमी आहे, दादा. पाऊस झाला की चढतील." शेजारची खोली बंद आहे, लोणच्याला कुणी हात लावत नाही. त्या नदीचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. पण तिथे ढग आलेत का, हे रोज सकाळी मोबाइलवर बघतो आणि मगच कांदे चिरायला घेतो.