पोरबंदरपर्यंतचे नाना

समुद्रकाठच्या यात्रेला पायी कसं जावं, हे अख्ख्या खानदेशात अधिकाराने सांगू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो समुद्रापासून दिवसभराच्या प्रवासावर, धुळ्याला राहतो. सई, तू पत्रात लिहिलंस की पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं भावंडं तिकडच्या, परदेशातल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या जुन्या यात्रेच्या वाटेने तीन आठवडे चालणार आहात आणि आजीचा काही सल्ला असेल तर हवा आहे. आजी जन्मभर जळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवत राहिली. घर ते शाळा, यापलीकडे ती फारशी चाललेली नाही. म्हणून नानांबद्दल लिहिते.

नाना म्हणजे तुमच्या आजोबांचे आतेभाऊ. निवृत्त होईपर्यंत ते बसस्टँडवर कंट्रोलर होते. लाउडस्पीकरवरून साक्री, शिरपूर, दोंडाईचा पुकारण्यात त्यांची तीस वर्षं गेली, त्यामुळे घरातही ते पुकारल्यासारखेच बोलत. जेवायला बसायचं असलं तरी आधी वेळ, मग ठिकाण, मग सूचना. निवृत्त झाल्यावर, चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालाच्या सुमारास, जुना नवस फेडायला ते सोमनाथाहून द्वारकेला पायी निघाले, समुद्र डाव्या हाताला ठेवून. परत आल्यावर चालण्याविषयीचं त्यांचं ज्ञान इतकं वाढलं की पुऱ्या खानदेशातून माणसं सल्ला विचारायला यायची, आणि न विचारणाऱ्यांना तो घरपोच मिळायचा.

त्यांचा पहिला नियम पायांचा. नवं पायताण वाटेवर घालायचं नाही. ते आधी घरी 'बाटवून' घ्यायचं. धरणगावचे एक मास्तर नवेकोरे कॅनव्हासचे बूट घेऊन आले, तर नानांनी त्यांना बुटांसकट गव्हाला पाणी द्यायला शेतात उभं केलं. "ओला बूट कुठं चावतो ते घरी कळलं पाहिजे, मास्तर. तिथं कळून उपयोग काय?" दुसरा नियम वाळूचा. कोरड्या वाळूत पाय रुततो, म्हणून लाटेने भिजलेल्या पट्टीवरून चालायचं. पण ती पट्टी समुद्राकडे उतरती असते, डावा पाय खाली आणि उजवा वर, आणि चार दिवसांत कंबर बोलायला लागते. त्याची सवय व्हावी म्हणून नाना रोज सकाळी पांझरेच्या काठाने, उतारावरून, एक पाय खाली आणि एक पाय वर असे चालत. लांबून बघणाऱ्यांनी गावात बातमी पसरवली की नानांच्या अंगावरून वारं गेलं. ती जळगावला पोचली. मी रजा काढून, डझनभर केळी घेऊन, रडवेल्या तोंडाने धुळ्याला गेले, तर स्वारी अंगणात एरंडेल तेलाने तळवे चोळत बसलेली. "या वहिनी! वेळेवर आलात. केळी वाटेला फार चांगली, पण पिकलेली नको."

तिसरा नियम ओझ्याचा, आणि त्याचा जाच मी स्वतः भोगला आहे. मी एका मुक्कामाला गेले तरी माझी पिशवी दारातच तपासली जाई. साबण अर्धा कापला जाई, टॉवेलाच्या जागी पंचा येई. एकदा माझं जाड इंग्रजी पुस्तक हातात तोलून ते म्हणाले, "वहिनी, वाचून झालेली पानं फाडत गेलात तर परतेपर्यंत केवढं हलकं होईल!" खाण्याचा नियम असा की दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायची, आणि खाऱ्या वाऱ्यात तहान कळत नाही म्हणून तहान नसली तरी पाणी प्यायचं. भाषेचा नियम असा की आपली अहिराणी ठणकावून बोलायची, निम्मी तरी गुजरातीच असते. आणि अंतराचा नियम असा की ते डोक्यावर हंडा असलेल्या बाईला विचारायचं, मोटारसायकलवाल्याला कधीच नाही. "त्याचं 'इथंच तर आहे' म्हणजे आपली दुपार गेली."

असं सोमनाथ, चोरवाड, मांगरोळ, माधवपूर करत सल्ला पोरबंदरला येई आणि तिथे थांबे. कुठे सावली, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या देवळातला पुजारी घोरतो, हे सगळं पोरबंदरच्या स्टँडपर्यंत. समोरचा विचारी, "आणि पुढं, नाना?" त्यावर नाना घसा साफ करीत आणि सांगत, "पुढचं मला माहीत नाही. पोरबंदरपर्यंतची चौकशी असेल तर करा."

कारण नाना स्वतःच पोरबंदरला थांबले होते. तिथे स्टँडच्या पत्त्यावर त्यांना घरची तार मिळाली: अक्का गच्चीच्या जिन्यावरून पडल्या, पाय मोडला. अक्का म्हणजे नानांची बायको. जगाच्या अक्का, म्हणून माझ्याही. नानांनी स्टँडच्या फाटकाशी, जिथे शेवटचं पाऊल पडलं होतं ती जागा डोळ्यांत भरून घेतली (नवस जिथे अडतो तिथूनच पुढे उचलायचा असतो) आणि मिळेल त्या गाडीने ते धुळ्याला आले. अक्का खाटेवर होत्या. नवऱ्याला पाहून म्हणाल्या, "अर्धं तुम्हीन एकलाच गयात. आते उरेल अर्धामां मी बी शे." म्हणजे उरलेल्या अर्ध्यात मीही येणार. अक्कांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. नाना म्हणाले, "बरं." आणि कंट्रोलर माणूस, एकदा प्रवासी घेतो म्हटल्यावर त्याला टाकून गाडी सोडणार नाही.

पाय जुळला, पण गुडघा वाकेना. दर दिवाळीनंतर, कापूस घरात आला की, पिशव्या भरल्या जात. अक्का सरावाला काठी घेऊन पांझरेच्या पुलापर्यंत निघत आणि अर्ध्या वाटेत कुणाच्या तरी ओट्यावर बसत. मग पिशव्या रिकाम्या होत. अशी आठ वर्षं गेली. तुमचे आजोबा एकदा वैतागून म्हणाले, "अरे, एकटा जाऊन ये! नवस तुझा आहे." नाना शांतपणे म्हणाले, "गाडी लेट आहे दादा. रद्द नाही." ते हसून म्हणाले, पण मी पाहिलं, त्या वर्षी त्यांचे केस सगळे पांढरे झाले होते. अक्काही बघत होत्या. आपल्या गुडघ्यापायी या माणसाचा नवस राहून जाणार, हे त्यांना आम्हां सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

तोड त्यांनीच काढली. मी तिथे होते. आम्ही वालाच्या शेंगा सोलत होतो. अक्का मान वर न करता नानांना म्हणाल्या, "तुम्हीन चाला. मी एष्टीमां बससू. पुढला गावना ष्टँडवर तुम्हनी वाट देखसू."

"अगं, नवस पायी चालायचा आहे."

"तो तुम्हना पायना शे. माले समुद्र देखना शे, तो खिडकीमातून बी दिखस."

नानांनी कागद-पेन्सिल मागितली, आणि मी ओळखलं की गाडी फलाटाला लागली.

त्या माघात दोघं पोरबंदरला गेले. रोज सकाळी नाना त्या गावच्या कंट्रोलरशी धंद्यातल्या माणसासारखं बोलत, अक्कांना डाव्या बाजूची खिडकी मिळवून देत, बस सुटली की निघत. अक्का तासाभरात पुढच्या गावी पोचून पिशवी मांडीवर घेऊन बसत, आणि ऊन कलल्यावर नाना येत. असं करत दोघं द्वारकेला पोचले. परत आल्यावर माणसं उत्सुकतेने जमली: आता पोरबंदरच्या पुढचं सांगा! नाना गोरेमोरे झाले. सांगण्यासारखं काही नव्हतंच त्यांच्याजवळ. वाळू, उतार, ओली पट्टी, सगळं सोडून ते सरळ डांबरी रस्त्याने चालले होते. "तसं लवकर पोचतो," एवढंच म्हणाले. समुद्राचं सगळं अक्कांनीच सांगितलं, हात पसरून पसरून, आणि नाना ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत राहिले.

दोन उन्हाळ्यांनी अक्का गेल्या.

गेल्या महिन्यात तुझं पत्र घेऊन मी धुळ्याला गेले. नानांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, बूट आत्तापासून बाटवा म्हणून लिहायला सांगितलं, तुमच्या ओझ्याची चौकशी केली. मग मी, इतक्या वर्षांत न विचारलेलं, विचारलं, "नाना, पोरबंदरच्या पुढचं काही?"

ते खिडकीबाहेर बघत सांगू लागले. विसावाड्याच्या स्टँडवर बाक एकच आहे, त्याला पाठ नाही. मियाणीला पिंपळाखाली बसावं, पण तीनच्या सुमारास ऊन येतं, तेव्हा समोरच्या दुकानाच्या पायरीवर सरकावं. दुकानदारीण काही म्हणत नाही, उलट ताक देते. हर्षदला स्टँडवरून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. भोगातला मात्र बसायची जागा अशी की रस्त्याने येणारं माणूस खूप लांबून ओळखता येतं.

"लिहून घ्या वहिनी," ते म्हणाले. "चालणाऱ्याच्या कामाचं नाही, पण लिहा."

मी लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये जळगावपर्यंत तो कागद माझ्या हातातच होता. पोरांनो, तुम्हांला शेवटचं पाहिलं तेव्हा सईच्या दोन वेण्या होत्या आणि तिच्या भावाला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. तुमच्याबरोबर तीन आठवडे चालणं आता माझ्याने होणार नाही. पण एका गावाहून दुसऱ्या गावी बसने जाऊन, पिशवी मांडीवर घेऊन बसणं मला जमेल. तुमच्या त्या वाटेवर तशा बस असतात का, तेवढं कळवा.