आबांचा पट्टा मी धुतला

आमच्या घरात माणसं पाच होती आणि खुर्ची एक, आणि त्या खुर्चीवर बसायचा मान फक्त गिऱ्हाइकाला होता. सोलापूरच्या भवानी पेठेत पुढे आबांचं दाढी-कटिंगचं दुकान, मागे आमची खोली, मधे एक पडदा. पडद्याच्या पुढे केस, मागे भाकरी. (वारा उलटा असला की हा भेद राहत नसे.) त्या एका खोलीत आई, आबा, दोन बहिणी आणि मी. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बीएस्सी, रसायनशास्त्र. हे मी कोणी न विचारताही सांगतो.

तेव्हाही सगळीकडे वापरून फेकायची पाती आली होती, पण आबांची दहा-बारा जुनी गिऱ्हाइकं वस्तऱ्याशिवाय गाल पुढे करत नसत. वस्तऱ्याची धार लखलखती ठेवायला भिंतीच्या खिळ्याला चामड्याचा पट्टा टांगलेला होता. तो माझ्या आज्याचा. आबा रोज सकाळी त्यावर शिशाचा गोळा घासायचे, मग अंगठा जिभेला लावून ती काळी भुकटी चामड्यात चोळून बसवायचे. पुन्हा जीभ, पुन्हा पट्टा. पट्टा आरशासारखा चमकला की वस्तरा त्यावर वर-खाली फिरायचा आणि त्याच हातानं आबा चहात खारी बुडवायचे.

शिसं पुरवायचे हुसेनचाचा. टेंभुर्णीच्या रस्त्यावर ट्रक चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. टायरवाल्याकडून चाकाचा तोल साधायला लावतात ती जुनी शिशाची वजनं आणून ते आबांना प्रेमानं द्यायचे, जसं कोणी पेढे देतं.

त्या वर्षी आबांचं पोट सारखं दुखायचं. आई त्याला गॅस म्हणायची आणि ओवा द्यायची. मग त्यांचं उजवं मनगट मधूनच लुळं होऊन खाली पडायला लागलं. आबांचा उजवा हात हेच आमचं घर होतं, त्यामुळे आम्ही सगळे त्या हाताकडे बघायचं टाळायचो.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला. एके दिवशी सर शिशाच्या विषबाधेची लक्षणं फळ्यावर लिहीत होते आणि मी वहीत आबांचं वर्णन उतरून घेत होतो. पोट दुखणं. मनगट पडणं. चिडचिड. (चिडचिड मी आधी माझ्या मार्कांमुळे आहे असं समजत होतो.) तास सोडून घरी पळालो.

"आबा, हे शिसं विष आहे."

"व्हय का? मग दाढी एवढी गुळगुळीत कशी हुती?"

"थुंकी लावता ना, तेव्हा पोटात जातं ते."

"थुंकी लावल्याबिगर शिसं बसतच न्हाय. तुझ्या आज्यानं जलमभर घासलं. कुटं काय झालं त्येला?"

"मग आजोबा गेले कशानं?"

आबा पट्ट्याकडे बघत राहिले. "पोटदुखीनं," ते म्हणाले. "पण वय झालं हुतं की."

"किती?"

"पन्नास."

आबांना तेव्हा एकोणपन्नासावं चालू होतं. मी मोहीम सुरू केली.

पहिल्या दिवशी मी लाल रबरी हातमोजे आणि मास्क आणला. आबांनी माझ्या शिक्षणाचा मान राखून दोन्ही घातलं. हुसेनचाचा दुकानात आले, खुर्चीत बसले, त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि समोर लाल पंजात उघडा वस्तरा दिसला.

"क्या मास्तर, दाढी करताय की पोट फाडताय?"

"पोराचं शास्त्र हाय, चाचा. सोसा जरा."

चाचांनी सोसलं. बाकीच्यांनी सोसलं नाही. संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी झाली की मास्तरांना, म्हणजे आबांना, काहीतरी लागण झाली आहे. दुसऱ्या दिवशी मी कोरड्या झाडूनं दुकानाचा कानाकोपरा झाडून काढला. कोपऱ्यात बसलेली सगळी भुकटी उठून हवेत गेली. जी दोन गिऱ्हाइकं लागणीला घाबरली नव्हती, ती शिंकत उठून गेली.

तिसऱ्या दिवशी आबा मंगळवेढ्याला लग्नाला गेले आणि मी पट्टा खाली काढला.

माझा विचार साधा होता. विष पट्ट्यात आहे, पट्टा धुतला की विष संपलं. मी तो बादलीत कपड्यांच्या पावडरीत भिजत घातला, ब्रशनं खसाखसा घासला, पाणी शाईसारखं काळं झालेलं पाहून मला स्वतःचा अभिमान वाटला. मग तो पत्र्यावर वाळत टाकला. महिना एप्रिल होता, पत्रा सोलापूरचा होता. चार वाजता वर गेलो तर पट्ट्याची कुरडई झाली होती.

"तेल लाव की," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

तेल लावलं. सरळ करायला गुडघ्याखाली दाबला. मधोमध तडा गेला आणि आज्याचे दोन तुकडे माझ्या दोन हातांत आले.

आबा दुसऱ्या दिवशी परतले. लग्नातली बुंदी आईच्या हातात दिली, दुकानात गेले आणि मोकळ्या खिळ्यासमोर उभे राहिले. मी पडद्यामागून सगळं शास्त्र समजावून सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी त्याची तयारी केली होती. त्यांनी दोन्ही तुकडे मांडीवर घेतले आणि कडा हातानं सपाट करत बसले.

"माझ्या बाचा घाम हुता ह्यात," एवढंच म्हणाले.

"आणि शिसं," मी म्हणालो.

"गप बस," आई म्हणाली. आईनं मला गप बस म्हणायची ती पहिलीच वेळ.

दोन दिवसांनी चाचा आले. आबांनी वस्तरा नुसत्या तळहातावर फिरवून घेतला आणि त्यांच्या गळ्याला लावला. तिथेच मनगट पडलं. वस्तरा चाचांच्या मांडीवरच्या टॉवेलवर पडला, गळ्यावर एक बारीक लाल रेघ उमटली. चाचांनी गळा पुसलाही नाही. त्यांनी आबांचं मनगट धरलं.

"मास्तर, डॉक्टरला दाखवा. पोरगं खरं बोलतंय."

"एवढं काय न्हाय, चाचा."

"आहे ना. वो शीसा मैंच लाके दिया. मला झोप लागू द्या."

माझ्या बीएस्सीनं जे झालं नाही ते चाचांच्या एका वाक्यानं झालं. आबा उठले आणि चपला घालायला लागले.

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो वाचून आधी आबांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"दुकान स्वच्छ केलंत?"

"हो. झाडून."

"कोरडं?"

"हो."

"शिसं झाडायचं नसतं, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. आणि पट्टा?"

"धुतला."

"पाणी?"

"मोरीत ओतलं."

"हातमोजे तरी होते का?"

"होते. पण ते आबांना दिले होते."

डॉक्टरांनी आणखी एक चिठ्ठी लिहिली. ती माझ्या रक्ताची होती. (माझंही वाढलेलं निघालं. रसायनशास्त्रात मला तोवर एवढे मोठे आकडे कधी मिळाले नव्हते.)

मग घर शहाणं झालं. दुकानात चहा-खारी बंद. आबांचे कपडे वेगळे धुवायचे, घासाआधी साबणानं हात. उरलेलं शिसं आणि पट्ट्याचे तुकडे डब्यात घट्ट बंद करून जुन्या बॅटऱ्यांचं शिसं घेणाऱ्या कारखान्यात दिले. तो डबा द्यायला आबा स्वतः आले. देताना झाकण एकदा उघडू का म्हणाले. मी नको म्हणालो. त्यांनी ऐकलं, आणि ते ऐकणं मला अजून टोचतं.

औषधं पुष्कळ महिने चालली. पोटदुखी थांबली. मनगट वर यायला लागलं. कप धरता येतो, कंगवा धरता येतो. वस्तरा धरता येत नाही. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून दुसरीकडे गेली. हुसेनचाचा गेले नाहीत. दुसऱ्याच्या हाताखाली मान देणार नाही म्हणाले आणि त्यांनी दाढी वाढवली. अजून रोज येतात, खुर्चीत बसतात, आबा त्यांची दाढी नुसती विंचरून देतात. दोघंही त्या वेळी आरशात बघत नाहीत.

आबा आता मशीननं कटिंग करतात, तेही डाव्या हातानं. शेवटच्या रिपोर्टात त्यांच्या रक्तातलं शिसं उतरलेलं आहे आणि त्यांनी बावन्नावं ओलांडलं आहे. घराण्यातल्या पहिल्या पदवीधराच्या हातून एवढं काम झालं, आणि तेही चाचांनी आणि डॉक्टरांनी केलं.