लांब ओढलेला भोंगा

रिकाम्या मनगटाकडे बघून वेळ सांगणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमच्या बोळात एक होता. डावा हात वर करायचा, जिथे घड्याळ कधीच नव्हतं तिथे डोळे बारीक करून बघायचं आणि म्हणायचं, "भोंगा व्हायचाय अजून." लग्नात अक्षता खोळंबल्या की हेच, भाकरीला उशीर झाला की हेच. एकदा दवाखान्यात शेजाऱ्याच्या उशाशी बसूनही हेच म्हणाले, आणि तो गृहस्थ खरोखरच उठून घरी आला.

सगळे त्यांना अप्पा म्हणत. गिरणीचा भोंगा एकतीस वर्षं त्यांनी वाजवला. त्या आवाजावर निम्म्या सोलापूरच्या चुली पेटायच्या. पुढे गिरणी बंद पडली, तीही सुट्टीच्या दिवशी, फाटकावर कागद डकवून. आदल्या दिवशी वाजवला तो भोंगा शेवटचा होता, हे अप्पांना तो कागद वाचून कळलं. ते दुःख त्यांनी मला कितीदा तरी सांगितलं असेल. "शेवटचा हाय म्हनून ठावं असतं बाई, तर जरा लांब वढला असता की."

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, म्हणून साऱ्या बोळाची बाई.

मग महायुद्ध सुरू झालं. टीव्हीवर ते क्षेपणास्त्रांनी सुरू झालं, आमच्याकडे टॉवेलांनी. परदेशी जायचे टॉवेल खोक्यांत भरून तयार आणि न्यायला जहाजच नाही. समोरच्या कारखान्यातले माग एका पाळीवर आले आणि खोकी आमच्या जिन्यापर्यंत रचली गेली. गॅसची टाकी मिळेना, तेव्हा माळ्यावरच्या शेगड्या खाली उतरल्या. ज्यांना नकाशावर बार्शी दाखवता आली नसती, ते सामुद्रधुनीची रुंदी सांगू लागले. दोन सख्खे शेजारी दोन परक्या देशांवरून एकमेकांशी बोलेनासे झाले. तिसऱ्या एका शेजारणीने युद्धात टिकते म्हणून दोन डबे शेंगाचटणी कुटून ठेवली, आणि तिसरा देश लढाईत उतरायच्या आत ती संपली. संपवायला मीही हातभार लावला.

अप्पा तेवढे शांत होते. बातम्या ऐकायचे, मनगट बघायचे आणि भोंगा अजून व्हायचाय असं सांगून झोपायला जायचे.

आणि एक दिवस सरकारने युद्धाचा सराव जाहीर केला, दुपारी चारला. जनगणना, मतदान आणि जंतांच्या गोळ्या यांच्यानंतर आता महायुद्धही शिक्षकांच्याच गळ्यात पडलं. आमच्या शाळेच्या गच्चीवर हाताने फिरवायचा भोंगा आला. नियम सोपा होता. दांडा जलद-हळू फिरवून आवाज खाली-वर केला की धोका, सगळ्यांनी घरात जायचं. आवाज एकसारखा आला की धोका टळला, बाहेर यायचं. फिरवायला एक तरणाबांड स्वयंसेवक होता आणि नोंदी करायला मी.

पावणेचारला अप्पा तीन जिने चढून गच्चीवर आले. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी आणि धाप अशी की आधी कठड्याला टेकले. मग म्हणाले, "बाई, मला द्या की."

नियमात बसत नव्हतं. वर ऐंशी उलटलेलं वय. पण शेवटचा भोंगा लांब ओढायचा राहून गेलेला माणूस समोर उभा होता, आणि मला नाही म्हणवेना. मी स्वयंसेवकाला बाजूला व्हायला सांगितलं.

चार वाजले. अप्पांनी दांडा धरला आणि आवाज निघाला तो सरळ. चढ नाही, उतार नाही. स्वयंसेवक "आजोबा, खाली-वर, खाली-वर" करत नाचत होता. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. साडेतीनपासून शहाण्यासारखी बंद असलेली दारं एकेक करून उघडत होती. बाकीचे धोका टळला म्हणून बाहेर आले, आणि गिरणीतले चार म्हातारे तर चपला घालून थेट चालू लागले. एकाच्या हातात डबा होता. त्याची सून मागून हाका मारत होती आणि तो कोपऱ्यापर्यंत पोचलाही.

अप्पांच्या कानाशी तोंड नेऊन मी सांगितलं, की लोकांना आत घालायचंय.

हात न थांबवता ते म्हणाले, "ह्या हातानं आजपातूर मानसं घराभायेर काढलीत, बाई. आत घालायला न्हाई जमत."

हात भरून येईपर्यंत ते फिरवत राहिले. मी नोंदवही तोंडापुढे धरून हसत होते, आणि रडतही होते.

नंतर सराव तपासायला आलेल्या साहेबांनी सुनावलं, की नियमाप्रमाणे आमचा अख्खा बोळ बॉम्बहल्ल्यात कामी आलाय, माझ्यासकट. मेलेल्या बाईंनी लेखी खुलासा द्यावा असं ठरलं. मी लिहिलं, 'भोंग्यास नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद मिळाला.' सांगा, यात खोटं काय होतं?

त्या दिवसापासून अप्पांनी मनगट बघणं सोडलं. पावसाळा सरता सरता ते आजारी पडले. मी भेटायला गेले तेव्हा टीव्हीवर युद्ध चालूच होतं, आवाज बंद करून ठेवलेलं. मीच हात वर करून माझं रिकामं मनगट पाहिलं आणि म्हटलं, "काय अप्पा, भोंगा व्हायचाय ना अजून?"

"झाला की, बाई," ते म्हणाले. "चांगला लांब वढला."

दोन दिवसांनी ते गेले.

पुढच्या सरावाला स्वयंसेवकाने भोंगा अगदी नियमाप्रमाणे खाली-वर वाजवला. सगळा बोळ मुकाट घरात गेला. मी गच्चीवरून बघत होते. गेल्या वेळी डबा घेऊन निघालेला तो म्हातारा तेवढा दारात आला. डबा हातात धरून थोडा वेळ ऐकत उभा राहिला, मग मान हलवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.