प्लॉट नंबर सत्तावीसचे शेजारी

चिकात आलेल्या शाळू ज्वारीला सकाळच्या वेळी एक ओलसर, दुधाळ वास असतो. तो वास गावाकडच्या रानातून अंगावर घेऊनच मी सांगलीला शिकायला आलो होतो. पण प्लॉट विकण्याच्या कामात तो पुन्हा भेटेल, असं कधी मनात आलं नव्हतं. नव्वदीच्या दशकाची अखेरची वर्षं होती ती. त्याआधी तीन-चार वर्षं शहराच्या कडेची जी जमीन लोक नुसत्या नकाशावर बोट ठेवून घेत होते, तिच्याकडे आता कुणी वळूनही बघत नव्हतं. आमच्या ले-आउटमधल्या अठ्ठेचाळीस प्लॉटांपैकी एकोणीस विकले गेले होते, आणि त्या एकोणीसांतही एक वीट उभी राहिली नव्हती. काळं रान पडीक बघवेना म्हणून मूळ मालकाने सगळ्यात शाळू पेरून टाकला होता. रस्ते म्हणून सोडलेल्या पट्ट्यांतसुद्धा. कागदावर जिथे बालोद्यान होतं, तिथे कणसं सर्वांत भरदार आली होती.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे शहरात प्रत्येक दारातून आत जाताना पाय थोडा अडखळायचा. आप्पांच्या ऑफिसात मला काम मिळालं ते अक्षर वळणदार होतं म्हणून. आप्पा पूर्वी खताचे दुकानदार. तेजीच्या दिवसांत प्लॉटांच्या व्यवहारात शिरले आणि मंदी आली तेव्हा बाहेर पडायची वाट त्यांना सापडेना. दर रविवारी सकाळी मी शाळूच्या ताटांमधून वाट काढत नंबर घातलेले दगड शोधायचो, चुन्याच्या फक्कीने हद्दी आखायचो, आणि आप्पांच्या सांगण्यावरून बऱ्याच दगडांवर तांबड्या रंगाने ‘विकला’ असं लिहायचो. न विकलेल्या प्लॉटांच्या दगडांवरसुद्धा. त्यावर आप्पांचं उत्तर ठरलेलं असे. पहिलं घर उठलं की बाकीची आपोआप उठतात, पण पहिलंच उठत न्हाई, तवा लोकांना जरा धीर द्यावा लागतो.

मला खरं कुतूहल होतं ते माणसांचं. एका तुकड्यासमोर उभं राहून माणूस नेमकं काय बघतो? आधी पूर्व कुठे ते विचारतो, मग पाणी किती फुटांवर लागतं ते, मग नकळत चपला काढून आत पावलं मोजतो, जणू स्वतःच्या शेतात शिरतो आहे. आणि सगळं विचारून झाल्यावर आवाज थोडा खाली आणून म्हणतो, शेजारी कोण आहेत? या प्रश्नाचा रोख बहुतेकदा आडनावाकडे असे, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आप्पांनी त्यावर युक्ती काढली होती. मास्तर आला की शेजारी मास्तर, फौजी आला की सुभेदार, व्यापारी आला की व्यापारी. एकाच रिकाम्या प्लॉटवर मी चार-चार कुटुंबं नांदताना ऐकली होती.

संक्रांत होऊन गेलेल्या एका रविवारी आप्पा लग्नाला गेले होते आणि मी एकटाच होतो. शिराळ्याकडून इंदूताई आल्या. नवरा फौजेत हवालदार, तिकडे उत्तरेत सीमेवर. चार वर्षांपूर्वी सुट्टीत येऊन त्याने सत्तावीस नंबर घेतला होता. त्यांनी तो आज पहिल्यांदा पाहिला. त्यांच्या बोलण्यातून कळलं ते एवढं : नवऱ्याचं पत्र आलं होतं, की या सुट्टीत पाया काढायचा की प्लॉट येईल त्या भावाने विकून टाकायचा, ते तूच बघून कळव, कारण राहायचं तुला आहे. दोन मुली होत्या. त्यांना सांगलीच्या शाळेत घालायचं होतं. घर झालं तर त्या तिघीच इथे राहणार होत्या, आणि घराचा पुरुष वर्षाकाठी दोन महिने.

कणसं बाजूला सारत त्या आत शिरल्या आणि मधोमध थांबल्या. इथं चूल, असं स्वतःशीच म्हणाल्या. मग चारी दिशांना सावकाश वळून त्यांनी तो प्रश्न विचारला. शिकवलेलं उत्तर माझ्या तोंडातून बाहेर पडलं. सव्वीसला एक निवृत्त सुभेदार आहेत, अठ्ठावीसला शाळेतल्या बाई.

त्यांनी आडनाव विचारलं नाही. बाईंना मुलं किती, हे विचारलं. मी दोन म्हणालो. शाळा कुठली, तर मी जवळच्या शाळेचं नाव घेतलं. त्यांचा चेहरा असा उजळत गेला, की मला थांबताच येईना. मग आमच्या पोरी बाईंच्या संगं जातील, संध्याकाळी अभ्यासाला त्यांच्याकडं बसतील, मी त्यांना गावाकडचा तांदूळ आणून देत जाईन, असं करत वाऱ्यावर डोलणाऱ्या हिरव्या ताटांत त्यांनी बघता बघता भिंती उभ्या केल्या, दोन घरांमध्ये ये-जा करायला कुंपणात एक फटही ठेवली. आणि मग पदर खोचत म्हणाल्या, बाई राहतात कुठं सध्या? आज रविवार हाय, घरीच असतील. भेटूनच जाते.

नुसतं खोटं बोलून भागत असतं तर मी बोललोही असतो. पण एका माणसाला नसलेल्या दारापर्यंत चालवत न्यायचं कसं? मी दगडाकडे बघत म्हणालो, “ताई, अठ्ठावीस विकला गेलेला नाही. सव्वीसही नाही. त्या बाई नाहीतच.”

कुठेतरी राघूंचा थवा कणसांवर उतरला. शिव्या ऐकायची मी तयारी केली होती. पण त्या जे बोलल्या त्याला काय म्हणावं, हे मला आजही नीट समजलेलं नाही.

“चांगली हुती रं ती बाई,” त्या म्हणाल्या. आणि मग, “आता एकदा खरं सांग. खरंच कोन हाय हितं?”

मी सगळं सांगितलं. किती गेले, कुणीच कसं बांधत नाही, ‘विकला’ हे अक्षर माझंच आहे. त्या ऐकत होत्या, पण नजर दुसरीकडे होती. ले-आउटच्या कोपऱ्यात शाळूच्या राखणीसाठी उसाच्या पाचटाची एक खोप होती; तिच्यातून धूर वर चढत होता. इंदूताई चुलीच्या जागी पुन्हा उभ्या राहिल्या, दोन्ही तळहात तोंडाभोवती धरले आणि पोटातून हाक मारली, “आवं मावशीऽ!”

हाक कणसांवरून घसरत गेली. मग खोपीतून एक वयस्क बाई बाहेर आली, कपाळावर हात आडवा धरून तिने पाहिलं आणि उलट ओरडली, “काय गंऽ?”

मी त्या रानात वर्षभर येत होतो. प्रत्येक दगडाचा नंबर मला पाठ होता. पण ती बाई माझ्या हिशेबात कधी आलीच नव्हती, कारण खोप नकाशावर नव्हती. प्रामाणिक व्हायचं ते पुरतं व्हावं म्हणून मी सांगितलं, की मावशी शाळू निघेपर्यंतच आहेत, नंतर जातील. इंदूताईंनी मान हलवली आणि सरळ ताटांतून तिकडे चालू लागल्या. दोघी खोपीपुढे बसल्या. काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. आगटीतल्या निखाऱ्यांतून निघालेल्या हुरड्याचा वास तेवढा येत होता.

परत आल्या तेव्हा ओंजळीत माझ्यासाठी हुरडा होता. म्हणाल्या, पाया काढायला लिवते. बांधकामाला राखण लागती, पानी मारायला मानूस लागतंय. मावशी आन तिचा मालक वरीसभर ऱ्हातो म्हनत्यात.

“आणि वर्षानंतर?” मला राहवलं नाही.

“तवर मी हाय की,” त्या म्हणाल्या. “दुसरं कुनी बघाय आलं, तर त्याला माझं नाव सांग. खरं आसंल ते.”

पहिलं घर उठणार म्हणून आप्पांनी दुसऱ्या दिवशी पाठ थोपटली. मी कोणती युक्ती वापरली, असं त्यांनी दोनदा विचारलं. त्या आठवड्यात एस.टी.ने कडेगावकडे घरी जाताना मात्र एक वेगळंच, हाकेचं मोजमाप डोक्यात फिरत राहिलं. आमची बौद्धवस्ती गावाच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडे. आई दारात उभी राहून हाक मारते तेव्हा वस्तीतल्या साती घरांतून ओ येते, हे मला ठाऊक होतं. पण ओढा ओलांडून ती हाक गावाच्या पहिल्या आळीपर्यंत पोचते का, हे मी कधी विचारलं नव्हतं. अंतर तर काही फार नाही. संध्याकाळी वारा पडलेला असताना त्यांच्या अंगणातल्या भांड्यांचा आवाज आम्हांला स्पष्ट ऐकू येतो.