हिरवळीवर पाय ठेवू नये

माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा मूर्खपणा म्हणजे एक लाकडी पाटी. 'हिरवळीवर पाय ठेवू नये.' ती मी स्वतःच्याच अंगणात, स्वतःच्याच घरच्यांसाठी पेंटरकडून रंगवून घेतली होती. गल्लीतल्या कुत्र्यांना ती वाचता येत नव्हती. नवऱ्याला येत होती. त्यामुळे नुकसान एकट्या नवऱ्याचं झालं.

तेव्हा मी तरुण होते, म्हणजे डोकं रिकामं नि हौस भरपूर. अकोल्याला माहेरच्या एका लग्नात लॉनवर चप्पल काढून चालले आणि ठरवलं, अमरावतीच्या आपल्या अंगणातही असंच हवं. खाली काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. पण मला कोण सांगणार? नागपूरहून गवताचे गालिचे मागवले. घरातला कूलर कोरडा फिरायचा, गवत मात्र पोटभर पाणी प्यायचं. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "काहून वो बाई, लॉन केलं, मंग आता लग्नंबी लावून देता काय?" मला वाटलं, जळते मेली.

मग शेंदूरजनाघाटहून सासरे आले. संत्र्याच्या बागेत जन्मभर निंदण केलेला माणूस. सकाळी मी बाहेर येते तर सासरे खुरपं घेऊन उकिडवे बसलेले आणि लॉनचा एक कोपरा साफ!

"लय गवत माजलं होतं बाई," ते म्हणाले, "तुमचं कोनाचं ध्यानच नाई."

त्यांना काही बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून पाटी लावली. सासरे गावी परतले, पाटी राहिली. नवऱ्याची, म्हणजे यांची बाज अंगणातल्या कडुनिंबाखाली असायची. संध्याकाळी पाणी शिंपडायचं आणि तिथं आडवं होऊन पेपर वाचायचा, हाच यांचा थंड हवेचा चिखलदरा. बाजेच्या पायांनी गवत बसतं म्हणून मी ती गच्चीवर चढवली. हे समोरच्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले, ते बसलेच. अंगण माझं झालं. मीसुद्धा त्यात बसत नसे; गवत खराब होईल ना!

आता मुलगा-सून इथंच राहायला आलेत, सोबत नात आणि एक धिप्पाड कुत्रा. लॉनला जागोजागी टक्कल पडलेलं. सून म्हणाली, "आई, नवीन करून घेऊ." मी म्हटलं, थांब, आधी बघू कोण कुठं पाय ठेवतं. चहाचा कप घेऊन पायरीवर बसत गेले. भाजीची गाडी आली की कुत्रा भिंतीच्या कडेनं फाटकापर्यंत भुंकत धावतो, रोज त्याच वाटेनं. तिथं गवत लावणं म्हणजे त्याच्याशी भांडण, तिथं वाळू. मधोमध नातीचं क्रिकेट, म्हणून तिथं आपली गावठी हरळी. सासऱ्यांच्या खुरप्यानं जी जन्मभर मेली नाही, ती काय पोरीच्या बॅटनं मरते! कुरडया वाळवायला फाटकाजवळ फरशी. कुत्र्यानं आपल्या कामाला मागचा कढीपत्ता निवडला. तेव्हापासून कढीपत्ता मी बाजारातून आणते.

आणि कडुनिंबाखाली बाजेएवढी जागा मोकळी ठेवायला सांगितली.

"सावलीत गवत येत नाही म्हणून का?" सुनेनं विचारलं.

"हो ना," मी म्हटलं. साफ खोटं. मला यांना त्या ओट्यावरून परत आणायचं होतं, आणि इतक्या वर्षांनी तोंडानं 'या' म्हणायला जीभ वळत नव्हती.

काम झालं. पाटी बंबात घातली. बाज नव्यानं विणून घेतली, कडुनिंबाखाली टाकली, पाणी शिंपडलं, उशी ठेवली आणि खिडकीआड उभी राहिले. हे पेपर काखेत मारून ओट्याकडे निघाले. फाटकाशी थांबले. वळले. तोवर ओल्या मातीच्या वासानं कुत्रा येऊन बाजेवर पसरला होता, उशीसकट.

यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मला वाटत होतं, मी दिसत नाही.

"पाटी काढली ते बरं केलं," हे म्हणाले, "पन आता परवानगी कोनाले मागू? तुले का याले?"