पंजाबी समजणारी म्हैस

पंजाबच्या राजधानीत, सेक्टर ३४ मधल्या चहाच्या टपरीवर माझ्या हातातलं मराठी पुस्तक पाहून एक बाई जवळ आल्या. वाशीमहून पशुपालनाच्या प्रशिक्षणाला आल्या होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "भाऊ, म्हशीशी पंजाबीत काय बोलतेत?"

सरकारी योजनेत त्यांना गावी पंजाबातली म्हैस मिळाली होती आणि आठ दिवस ती धड पान्हा सोडत नव्हती. "मराठी समजतच नाही तिले. साहेब परत नेतो म्हणते."

मला पंजाबी पुस्तकातलंच येतं. टपरीवाल्या सरदारजींच्या मात्र जवळच्या खरड गावी म्हशी होत्या. त्यांनी बाईंच्या गावाकडच्या सासूबाईंना म्हशीच्या कानाशी फोन धरायला लावला आणि लाडानं म्हणाले, "आ जा मेरी राणी, दुध दे दे, पुत्त."

थोड्या वेळानं पलीकडे बादली वाजू लागली. सासूबाई म्हणाल्या, "सोडला वं पान्हा."

बाई डोळे पुसत हसल्या. "आपल्या बोलीत बोललं की जनावर बी मऊ होते."

पत्नी गेल्यापासून घरात माझ्याशी मराठीत कुणी बोललेलं नाही. मुलगा जेवणाचं हिंदीत विचारतो, मी नको म्हणतो.

"भाऊ, चहा गार होऊन राह्यला तुमचा. प्या बरं."

मी निमूट प्यायलो.